दादा, फोन अजून खिडकीलाच आहे

दादा,

तुझा दहावा झाला, पाहुणे पांगले, घर जरा मोकळं झालं, तेव्हा पहिली नजर गेली ती तुझ्या मोबाईलवर. गोठ्याकडच्या खिडकीच्या गजाला, दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून, तू अडकवला होतास तसाच तो लटकतोय. बोरीच्या आपल्या घरात रेंज येते ती फक्त त्या एका गजाला, हा शोध तुझाच. अख्ख्या घरातून फोन हातात धरून तू देवऋषीसारखा हिंडला होतास आणि शेवटी गोठ्याजवळ ओरडलास, ‘घावली रं घावली.’ वहिनी रोज सकाळी तो काढते, चार्ज करते, पदराने पुसते आणि परत तिथंच अडकवते. का, ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे आणि तुलाही.

सगळे मला म्हणतायत, सुमन, रडून घे, मोकळी हो. रडले की. पण तुझी आठवण काढायला बसलं की रडू यायच्या आधी मला धाप लागते. आपण पळालोच तेवढे. लोकांच्या घरात आजारपण शिरलं की घर गप्प होतं. आपल्या घरात तुझं आजारपण आलं ते यात्रेसारखं, भोंगा लावून.

तू पडलास बैलगाडा शर्यतीतला निवेदक. आपल्याकडे यात्रा म्हटली की घाट आला, म्हणजे गाडे पळवायचा तो चढाचा रस्ता, आणि घाट म्हटला की तुझा आवाज आला. आम्हा बायकांना घाटावर जायची चाल नव्हती. मी वारूळवाडीला सासरी कोथिंबीर खुडत बसलेली असायची आणि वाऱ्यावरून यायचं, ‘झाली, झाली, झाली... भिर्रर्र.’ जावा म्हणायच्या, बघ, तुझा भाऊ बोलतोय. मी मान वर न करता हसायची. कुणाची बारी सुटली, कुणाचा गाडा पळाला ते मला कधीच कळलं नाही, पण आज तुझा घसा चांगला आहे की बसलाय, ते बरोबर कळायचं.

आणि दारूचा थेंब तू कधी घेतला नाहीस. माईक हातात असणारा माणूस शुद्धीत पाहिजे, असं म्हणायचास. तरी लिव्हर गेलं ते तुझंच. कधीकाळी अंगावर काढलेल्या काविळीने आतल्या आत पोखरलं, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. गावाला ते कसं पटावं? भेटायला आलेला माणूस खुर्चीवर टेकला की आधी तुझ्या पिवळ्या डोळ्यांकडे बघायचा, मग हळूच वहिनीकडे. तू लगेच ओळखायचास. ‘बोला पावणं, लाजू नका. देशी व्हती का इंग्लिश, ह्येच इचारायचं ना?’ पाहुण्याचा चहा घशातच अडकायचा. वहिनी चिडायची आणि तू पोट धरून हसायचास. पोट धरायला तेव्हा दोन्ही हात लागत होते.

त्या पोटातलं पाणी किती वाढतंय ते कळावं म्हणून डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितलं. टोमॅटोचे क्रेट तोलायच्या काट्यावर तू सकाळी उभा राहायचास आणि स्वतःच पुकारायचास, ‘कालच्यापरीस जादा भरला. माल दिसाया भारी, पर आत नुसतं पानी.’ मीठ बंद झालं. आपल्या घरात, जिथे ठेच्याशिवाय भाकरीला कुणी हात लावत नाही, तिथे वहिनी तुझ्यासाठी वेगळ्या पातेलीत अळणी भाजी शिजवायला लागली आणि तुला एकट्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःही तीच खायला लागली. पोट साफ राहावं म्हणून दिलेलं गोड औषध प्यायचं आणि दिवसभर परसाकडे फेऱ्या मारायच्या. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून डॉक्टर त्यांना रबरबँड लावायचे, ते तू गावभर सांगत सुटायचास. एखाद दिवशी डोकं असं बधिर व्हायचं की मला तू आईच्या नावाने हाक मारायचास. मी ओ द्यायची. त्या दिवशी मात्र तू काही पुकारायचा नाहीस आणि मला घर खायला उठायचं.

मग डॉक्टरांनी सांगितलं, लिव्हर बदलावं लागेल. वाट बघणाऱ्यांच्या यादीत नाव घातलं. अपघातात कुणाच्या तरी मेंदूचं काम थांबेल, त्यांच्या घरचे हो म्हणतील, रक्तगट जुळेल, तेव्हा फोन येईल. फोन आला की काही खायचं-प्यायचं नाही, सरळ निघायचं, उशीर झाला तर ते लिव्हर दुसऱ्याला. हे ऐकून मी हबकले. कुणाचं घर उजाडल्याचा फोन, आणि आपण त्याची वाट बघायची. तू म्हणालास, ‘त्या मान्साच्या घरच्यांना हात जोडायचं आन पळायचं. थांबून रडत बसलो तर त्यांचं देनं पन वाया.’ आणि लगेच तयारीला लागलास. पैशाची जुळवाजुळव हा वेगळा तमाशा झाला, तो इथे नको.

गाडी बाळूभाऊची ठरली. बाळूभाऊ बोरी ते नारायणगाव वडाप करतो, माणसं भरून जीप रस्त्यावरच असते, म्हणून तो. तुम्ही दोघांनी पुण्याच्या दवाखान्यापर्यंत सराव केला, घड्याळ लावून. मंचरला बाजाराच्या दिवशी कुठून वळायचं, खेडच्या घाटात कांद्याच्या ट्रकमागे अडकलो तर काय, चाकणला कुठली गल्ली. परत आलास तेव्हा तुझे पाय सुजून खांब झाले होते आणि चेहरा असा फुलला होता की घाटाचा राजा तूच.

पण सगळी तयारी केलीस आणि एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. आठवलं की अजून अंगावर काटा येतो आणि हसूही आवरत नाही.

त्या वर्षांत लोडशेडिंगने आपल्याला नाचवलं होतं. मोटारीपुरती लाईट कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. डीपीजवळ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ, ज्याचं रान, तो लाईट आली की सगळ्यांना मिस्ड कॉल द्यायचा. रिंग वाजली की आपण फोन कापायचा. कापला म्हणजे निरोप पोचला. मग विहिरीकडे मोटार चालू करायला पळायचं. बोरीत तेव्हा भरदुपारी फोन वाजला तर तो उचलायचा असतो, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

त्या दुपारी तू ओसरीत झोपला होतास. फोन वाजला. वहिनीने कापला आणि विहिरीकडे गेली. लाईट नव्हती. परत आली तर पुन्हा वाजला. पुन्हा कापला, पुन्हा गेली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती पेटलीच होती. फोन उचलून म्हणाली, ‘लाईट न्हाई, काय न्हाई, नि कशाला रं सारखा बोंबलतोस मुडद्या?’

पलीकडून एक बाई म्हणाली, ‘मावशी, मी हॉस्पिटलमधून बोलतेय. तुम्ही फोन का कापताय?’

वहिनीने अशी हाक मारली की तुझ्या आधी गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

मला फोन आला तेव्हा मी पीठ मळत होते. ‘वन्सं, रस्त्यावर येऊन उभ्या ऱ्हावा,’ एवढंच. मी कणकेच्या हातांनी फाट्यावर येऊन उभी राहिले. जीप आली ती माणसांनी भरलेली. बाळूभाऊ अर्ध्या फेरीत होता ना. लोक तिथेच, नारायणगावच्या फाट्यावर, पटापट उतरले, एकाने तर माझी पिशवी आत टाकली. एक म्हातारी तेवढी हलेना. ‘मला मंचरला जायाचं हाय आन तुमी मंचरवरनंच चाललाय. मी न्हाई उतरत,’ म्हणाली. वाद घालायला वेळ कुणाला होता? चला म्हटलं.

आणि दादा, त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा घाटावर पाहिलं. जन्मभर भोंग्यातून ऐकलेला भाऊ जवळून. पुढच्या सीटवर, अंगावर शाल, गालांची हाडं वर आलेली, आणि डोळ्यांत तो उजेड. आवाज पार गेलेला, तरी तू सुरू झालास. ‘आली, आली, बोरीकरांची जोडी आली. कळंब मागं टाकलं. म्होरं उसाचा ट्रॅक्टर. बाळूभाऊ हानतोय का न्हाई, हानतोय, काढली, काढली, उजव्या अंगानं काढली.’ बाळूभाऊला चेव चढला. वहिनी देवाचं नाव घेत होती आणि मधेच म्हणत होती, ‘आवो, दम लागंल, गप बसा.’ मंचरला बाजार भरलेला. जीप अडकली तेव्हा म्हातारीने अर्धं अंग बाहेर काढून हाका घातल्या, ‘सरा रं बाजूला, पेशंट हाय, लिव्हर बशिवायचं हाय त्याला.’ रस्ता कसा मोकळा झाला कोण जाणे. उतरताना तिने कनवटीचा गूळ काढून तुझ्या हातावर ठेवला. शुभ कामाला निघालेल्या माणसाचं तोंड गोड करायला नको का? तुझा हात तोंडाशी गेलाही होता. मी तो धरला आणि तू माझ्याकडे असा बघितलास, लहानपणी मी तुझ्या वाट्याची चिक्की खाल्ली होती तेव्हा बघितलं होतंस तसा.

आपण वेळेत पोचलो. रक्त काढलं, तपासण्या झाल्या, तुला हिरवा झगा घातला. मग फोनवरच्या त्या ताई आल्या आणि त्यांनी नीट समजावलं. एका लिव्हरसाठी दोघांना बोलावतात. पहिल्याला काही अडचण निघाली तर दुसरा. तू दुसरा होतास. पहिली एक बाई होती, माझ्याच वयाची, कोकणातली. तिला सगळं जुळलं.

तिची ट्रॉली आपल्यासमोरून गेली. ती नवऱ्याचा हात सोडत नव्हती, त्याला काही सुचत नव्हतं. मला, खरं सांगते, तिचा राग आला. एवढं पळून आलो आणि ही कोण? तेवढ्यात तू खुर्चीतून वाकलास आणि म्हणालास, ‘ताई, भिऊ नका. बारी सुटली आता. मागं बघायचं न्हाई.’ आणि अगदी हळू, तिच्यापुरतं, ‘झाली, झाली, झाली...’ ट्रॉली ढकलणारा माणूस हसला. तीही हसली. दार लागलं. मी भिंतीकडे तोंड केलं, कारण मला आता कुणाचाच राग येत नव्हता आणि हुंदका मात्र थांबत नव्हता.

परत येताना तू खेडच्या घाटात वळून म्हणालास, ‘सुमे, पळालो का न्हाई? नंबर न्हाई आला म्हनून काय पळालोच न्हाई व्हय?’ आणि मग बाळूभाऊला, पुढच्या टायमाला चाकणचं वळण कसं घ्यायचं ते.

पुढच्या टायमाची वाट बघायला मी तयार नव्हते. भाऊबिजेला मी ओवाळायचं ताट खाली ठेवलं आणि सरळ बोलले. माझा-तुझा रक्तगट एक. कायद्याने बहिणीला देता येतं. थोडा तुकडा काढतात आणि उरलेलं परत वाढतं. माझ्या घरचे हो म्हणालेत. घे.

तू ताट परत उचलून माझ्या हातात दिलंस. ‘भैनीकडनं किती घ्यायाचं गं? तलाठ्याम्होरं हक्कसोड करून दिलीस. वाट्याची जमीन सोडलीस. आता हे बी सोड म्हनू? उद्या तुला काय झालं तर तुझ्या दारात कुठल्या तोंडानं हुबा ऱ्हाऊ?’

दादा, तू तिथेच चुकलास, आणि ते तुझ्या तोंडावर मला धड सांगता आलं नाही, म्हणून आता सांगते. जमीन मी सोडली कारण सगळ्याच बहिणी सोडतात. मला कुणी विचारलंच नव्हतं. सही कुठे करायची तेवढं दाखवलं होतं. हे मात्र मी स्वतः, माझ्या मनाने, तुला द्यायला निघाले होते. जन्मात पहिल्यांदा माझं म्हणून काही द्यायची वेळ आली होती, आणि तू मला हक्कसोडीच्या त्या कागदाशेजारी नेऊन बसवलंस. किती राग आला होता मला. महिनाभर बोलले नाही, आठवतं? तू रोज एक मिस्ड कॉल द्यायचास आणि मी कापायची. कापला म्हणजे कळलं, जिवंत आहे आणि चिडलेली आहे.

मग बोलायला लागलो, पण तो विषय निघाला की तू उठून काट्यावर उभा राहायचास. मी म्हणायची, काटा मोडेल. तू म्हणायचास, मोडू दे, टोमॅटोला भाव कुठे आहे.

यात्रा तोंडावर आली होती. यंदा खुर्चीत बसून का होईना, माईक धरायचा, असं तू ठरवलं होतंस. त्या सकाळी रक्ताची उलटी झाली. बाळूभाऊ आला, जीप निघाली. यावेळी रस्ता तोच आणि तू गप्प. नारायणगावच्या दवाखान्याच्या पुढे जाताच आलं नाही. मी धावत आले तेव्हा तुझा हात अजून गरम होता. एवढंच सांगते. याहून जास्त मला सांगवत नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर वहिनी माझ्याजवळ बसली. म्हणाली, ‘वन्सं, तुमाला म्हाईत न्हाई. ह्येंनी आदल्या रातच्याला जेवताना मला सांगितलं व्हतं. म्हनले, सुमी ऐकत न्हाई. येवढी यात्रा व्हऊ दे, मग जाऊ दोगं पुन्याला. घेतो म्हनावं तिचं.’

दादा. मी भांडण जिंकले होते आणि तू मला सांगितलं नाहीस. यात्रेत भोंग्यावरून पुकारणार होतास का? तुझा काही नेम नाही. मी त्या दिवशी खूप रडले आणि तितकीच खूशही झाले, आणि ते दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला विचारू नकोस. तू हो म्हणालास. माझं घेणार होतास. तुझ्या तोंडून ऐकायचं राहिलं, पण वहिनी खोटं बोलत नाही.

आज सकाळी वहिनीने फोन चार्जिंगवरून काढला आणि पुन्हा खिडकीकडे निघाली. मी म्हटलं, ‘वहिनी, दवाखान्यात कळवायला पाहिजे. दादाचं नाव यादीत तसंच आहे.’

ती थांबली. ‘ऱ्हाऊ द्या की वन्सं. कुटंतरी तर हाय त्येंचं नाव, जित्या मान्सांत.’

तिच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण ती ट्रॉली गेली तो दवाखान्यातला व्हरांडा डोळ्यांपुढून हलत नव्हता. म्हटलं, ‘लिव्हर आलं तर ते आधी आपल्याला फोन लावतील. आपण सांगणार, रडणार, त्यांना दोन शब्द बोलावे लागणार. आणि तेवढा वेळ ज्याला खरं निघायचंय तो घरी बसून राहणार.’

वहिनीने फोन पुन्हा एकदा पदराने पुसला. मग तिनेच नंबर लावला आणि फोन माझ्या कानाला लावला. तार आखूड असल्यासारखं आम्ही दोघी त्या गजाला चिकटून उभ्या होतो.

त्या ताईंनी लगेच उचलला. नंबर त्यांच्या ओळखीचा. ‘हां, बोला, कसे आहेत काका? ताप वगैरे नाही ना?’ मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे अजून आठवण निघते त्यांची. त्या कोकणातल्या ताई तपासणीला आल्या की विचारतात, त्या झाली-झालीवाल्या काकांचा नंबर आला का.’

‘बऱ्या आहेत का त्या?’ मी विचारलं.

‘छान आहेत. घरचं सगळं करतात.’

मी वहिनीला सांगितलं. तिने मान हलवली आणि खिडकीचा गज घट्ट धरला.

‘नाव काढते मी,’ ताई म्हणाल्या.

‘आता लगेच काढताय?’

‘हो, आता लगेच.’

‘मग आता दादाच्या खालचे सगळे एकेक नंबर वर सरकले का?’

‘हो मावशी. सरकले.’

कोण आहे, कुठल्या गावचं आहे, त्या सांगत नाहीत. पण कुणीतरी आहे, दादा. आत्ता या घडीला कुठेतरी अळणी भाजी ताटात घेऊन बसलं असेल आणि त्याला पत्ताही नाही की त्याचा नंबर वर आला. मला त्याच्या घरी पळत जाऊन सांगावंसं वाटतंय.